मेश्राम काकांचा कागद

आमच्या पुण्याच्या कंपनीतला एक सहकारी परवा व्हिडिओ कॉलवर मला म्हणाला, "तुझी टूलची वर्णनं फार लांब असतात. एवढं सगळं कशाला सांगत बसायचं? मॉडेल हुशार आहे, त्याला कळतं." मला वाद घालायला आवडतो, खरं तर जरा जास्तच आवडतो. पण त्या दिवशी मी हसून विषय बदलला. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मेश्राम काकांचंच वाक्य जिभेवर आलं. काकांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांचं वाक्य बोलताना मला अजून भरून येतं, आणि व्हिडिओ कॉलवर भरून येणं काही बरं दिसत नाही.

कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली तेव्हा मी अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावी परत आले ती कायमचीच. आमचं घर कोहळी समाजाचं. पूर्वजांनी तळी बांधली, हे आमच्याकडे जेवताना, लग्नात आणि भांडणात सांगितलं जातं. आमची शेतं इटियाडोह धरणाच्या नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, अगदी तोंडाशी आहेत, त्यामुळे पाण्यासाठी आम्ही कधी कोणाकडे बघितलं नाही. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या मायनरच्या, म्हणजे पोटकालव्याच्या, पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष. उन्हाळी धानाला पाणी देण्याच्या पाळ्या ठरवताना दरवर्षी भांडणं व्हायची. शेवटी ते एकदा मला म्हणाले, "एवढी शिकली तं याचं का तरी कर."

म्हणून मी एक एजंट बसवला. एजंट म्हणजे असा प्रोग्राम, ज्याला काम सांगितलं की तो हाताशी दिलेली अवजारं स्वतःच निवडून वापरतो. पाळ्यांची यादी लावण्याचं एक टूल, शेतकऱ्यांच्या फोनवर आवाजी निरोप पाठवण्याचं एक, गेट किती उघडलं याची नोंद करण्याचं एक. कोणतं टूल कधी उचलायचं, हे त्याला कळतं ते फक्त आपण लिहिलेल्या वर्णनावरून. मी एकेका ओळीत वर्णनं लिहिली आणि मला ती फार सुटसुटीत वाटली.

संस्थेच्या कपाटात जुने नकाशे शोधताना मला एक वही सापडली. एका निवृत्त होणाऱ्या कालवा निरीक्षकानं आपल्या जागी येणाऱ्या माणसासाठी लिहून ठेवलेली, 'चार्ज देताना' या मथळ्याची. अक्षर टपोरं, मुद्दे निळ्या शाईत आणि धोके लाल शाईत. त्यात एके ठिकाणी लिहिलं होतं: "गेट क्रमांक चार. याचे चाक उलटे फिरते. उघडताना बंद होते असे वाटेल. हे इथे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तुम्हाला कोणी सांगणार नाही."

मी ते वाक्य उभ्या उभ्या तीनदा वाचलं. दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मी इतकं चांगलं वर्णन लिहिलं नव्हतं. वही लिहिणारा माणूस कुठे असतो म्हणून विचारलं, तर तो आमच्याच गावच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. मी त्या टोकाला आयुष्यात फार तर चार वेळा गेले असेन, हे सांगताना लाज वाटते.

सुखदेव मेश्राम तेव्हा सत्तरीला टेकले होते. उंच, वाळके, भर उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. काचबिंदूनं नजर कडेकडेनं विझत चालली होती. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. त्यामुळे बोलताना ते सगळं तोंड आपल्याकडे वळवायचे आणि आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटायचं. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "म्हंजे तो नवखा हाये."

"कोण?"

"तुझा एजंट. बुद्धी हाये, पन गावात काल आला. बरोबर?"

इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या परिषदेत ऐकली नव्हती. तेव्हापासून आमच्यात एजंटचं नाव 'नवखा' पडलं.

काकांना काही शब्दांचा मनापासून तिटकारा होता. 'योग्य ती कार्यवाही करावी' हे वाक्य आयुष्यभर साहेबांच्या कागदांत वाचून वाचून त्यांचं डोकं उठलं होतं. माझ्या एका वर्णनात 'योग्य तारीख निवडावी' असं होतं. ते मी वाचताच त्यांनी हात वर केला. "योग्य म्हंजे कोनती? ज्याले योग्य माहीत हाये, त्याले तुझा कागद कायले पायजे?" तसंच 'वगैरे'चं. 'वगैरे' आलं की ते थांबवायचे आणि म्हणायचे, "आता वगैरेतले सारे एकेक करून सांग." सांगताना माझ्या लक्षात यायचं की दोन सोडून तिसरं मलाच माहीत नाही.

चुकीचे संदेश हा त्यांचा आणखी एक आवडता विषय. माझं टूल काही बिनसलं की 'माहिती अवैध' एवढंच सांगून गप्प बसायचं. काका म्हणाले, "मोरगावच्या बस स्टँडवर खिडकीतला मानूस 'गाडी नाई' म्हनते आन् पेपर वाचते. मंग मानूस कुठी जाईन? अर्ध्या घंट्यानं गोंदियाची रेल्वे हाये, थे पकड, असं सांगाले का जाते त्याचं?" त्यानंतर मी प्रत्येक संदेशात पुढे काय करायचं ते लिहायला लागले. आजही लिहिते. सहकाऱ्याला लांब वाटतं ते हेच.

पण खरी परीक्षा काकांच्या बायकोची, शेवंताकाकूंची, असायची. काकू शाळेत गेल्या नव्हत्या आणि कोणाची भीड ठेवत नव्हत्या. काकांची पद्धत अशी, की कागद लिहून झाला की त्या कामाशी ज्याचा काडीचा संबंध नाही त्याला वाचून दाखवायचा आणि त्याच्याकडून काम करून घ्यायचं. नोकरीत असताना म्हणे ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गेट फिरवायला लावत. घरात काकू होत्या. त्या सुपात लाखोरीची डाळ निवडत बसायच्या आणि मी एकेका टूलचं वर्णन वाचायची. मग काका विचारायचे, "टेलच्या, नहरीच्या शेवटच्या मानसाले पाळी एक दिवस पुढं पायजे. यातलं कोनतं उचलशीन?"

एकदा माझी दोन टूलं होती, एक पाळी बदलायचं आणि एक पाळी दुरुस्त करायचं. मला दोन्हींतला फरक स्पष्ट माहीत होता. काकूंनी डाळीतला खडा बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "दोनी एकसारखेच वाटून राहिले. मी जवळचं उचलीन."

"पण काकू, दुरुस्त म्हणजे—"

"तू मले समजावून कायले सांगून राहिली? तू का त्याच्या घरी जाशीन समजावाले?"

काका मिशीत हसत होते. "कागद वाचनारा एकटा असते, बाई," ते मला म्हणाले. "तू त्याच्या बाजूले बसली नसतेस." परवा व्हिडिओ कॉलवर जिभेवर आलं ते हेच वाक्य. तेव्हा मात्र मी चिडले होते, पण संध्याकाळी घरी जाऊन दोन टूलांचं एक केलं. नवखाही त्या दोघांत गोंधळायचा, हे नंतर नोंदी तपासताना दिसलं.

आता हे सगळं काका इतका जीव ओतून का करत होते, तेही सांगायला हवं. मायनरच्या शेवटच्या टोकाला, ज्याला सगळे टेल म्हणतात, चौदा घरांची शेतं. बहुतेक काकांच्या वस्तीतली. पावसाळ्यात त्यांचं भागायचं. उन्हाळी पाळीचं पाणी मात्र वरचे लोक भरून घेत आणि टेलपर्यंत ओल जेमतेम पोचे. कित्येक वर्षांनी त्या साली संस्थेनं टेलला उन्हाळी धानाची परवानगी दिली, तीही अटीवर. मोठेबाबांनी सभेत सरळ सांगितलं होतं, "टेलले पानी देनं म्हंजे पानी नासवनं हाये. एक साल पाहू. दोन पाळ्या वाया गेल्या का पुढच्या सालापासून बंद." काका सभेत मागे उभे होते. एकतीस वर्षं त्यांनी त्या नहरीवर नोकरी केली, दुसऱ्यांच्या शेतांना पाणी मोजून दिलं, आणि स्वतःच्या वस्तीला उन्हाळ्यात देऊ शकले नाहीत. डोळे पूर्ण जायच्या आत एकदा टेलला उन्हाळी धान उभं बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. हे त्यांनी मला तोंडानं सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं.

पहिल्या पाळ्या नीट गेल्या. मार्चमधली पाळी चुकली, आणि ती माझ्या हौसेपायी.

आवाजी निरोप कोरडा वाटतो म्हणून मी त्याच्या सुरुवातीला दवंडीचा डफ घातला होता. डफ, मग 'ऐका हो ऐका', मग पाळीची वेळ. लोकांना फार आवडलं. त्या दिवशी टेलला सकाळी पाणी सुटणार होतं. नवख्यानं आदल्या दिवशी दुपारी निरोप पाठवला. टॉवर मधेच गेला आणि निरोप पोचल्याची खूण परत आली नाही. नवख्यानं पुन्हा पाठवला. खूण आली नाही. तिसऱ्यांदा पाठवला. माझ्या वर्णनात एवढंच होतं: 'शेतकऱ्यांना निरोप पाठवते.' पुन्हा पाठवला तर पुन्हा जातो, हे मी लिहिलं नव्हतं. पोचले मात्र तिन्ही.

आमच्या भागात एकाच दिवशी एकाच कामाची दवंडी दुसऱ्यांदा झाली, तर पहिली रद्द झाली असं समजतात. नवी तारीख येईपर्यंत कोणी जागचं हलत नाही. दवंडी देणारा कोतवाल जाऊन फोन आला तरी ही समजूत गेलेली नाही. तीन दवंड्या ऐकल्यावर टेलच्या चौदाही घरांतली माणसं निवांत घरी बसली. सकाळी नहरीला पाणी आलं, कोणाच्याच शेताचं तोंड उघडं नव्हतं, आणि सगळं पाणी बंद मुखांपुढून सरळ नाल्यात गेलं. धान निसवायला, म्हणजे लोंबी बाहेर पडायला, आलं होतं.

मोठेबाबांनी तासाभरात फोन केला. "झाली ना एक? मी सांगतलं होतं." आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

मी काकांकडे धावत गेले. माफी मागायला शब्द जुळवत होते. काका सपरीत बसलेले, बटणं लावलेली. मी बोलायला लागले तर म्हणाले, "तुले दवंडीचं कुठून माहीत असन? तू शाळेत होती. माझा बाप कोतवाल होता, बाई. दवंडी माझ्या घरातून निंगे. तुझा कागद मी ऐकला, मी पास केला. मले माहीत होतं, म्हनून मी सांगतलं नाई."

मी म्हटलं, "चूक एजंटची आहे, काका. त्यानं तीनदा—"

"त्याच्यावर ढकलू नको," ते पहिल्यांदाच कडक बोलले. "कागदात होतं थे त्यानं केलं. कागदात नोतं थे त्याले कसं समजन?"

मग ते उठले आणि चौदा घरी गेले. मला त्यांनी येऊ दिलं नाही, पण मी गेले, थोडं मागून. प्रत्येक दारात उभं राहून ते एकच सांगत होते: निरोपाचा कागद मी तपासला होता, चूक माझी आहे. एका दारात एक म्हातारी होती, कौसाबाई नावाची, काकांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या बापानं कधी एका दिवसात तीनदा दवंडी नाई देल्ली, सुखदेव."

काकांनी मान खाली घातली. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरू शकत नाही. आयुष्यभर जो माणूस दुसऱ्यांना 'सगळ्यांना माहीत असलेलं आधी लिहा' म्हणून सांगत आला, तो स्वतःच त्या सगळ्यांपैकी एक निघाला होता. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी इतकी माया वाटली की रस्त्यातच रडू आलं.

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही निरोपाचं वर्णन नव्यानं लिहिलं. डफ काढून टाकला. एका ओळीची अडीच पानं झाली. काकांना आता वहीतलं दिसत नव्हतं, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायची. हे टूल काय करतं, काय करत नाही, कधी वापरायचं नाही. एकदा पाठवलेला निरोप परत घेता येत नाही. खूण आली नाही याचा अर्थ निरोप पोचला नाही असा होत नाही. एकाच दिवशी दुसरा निरोप गेला तर लोक पहिला रद्द समजतात. म्हणून पोचल्याचं कळलं नाही तर पुन्हा पाठवू नये, गावातल्या माणसाला जाऊन विचारायला सांगावं. पाणी टेलला पोचलं का, हेही त्यालाच विचारावं, आणि 'पोचलं' असं उत्तर मिळेपर्यंत पाळी पूर्ण झाली असं नोंदवू नये.

हे शेवटचं वाक्य मला जास्तीचं वाटलं. "काका, गेटची नोंद आली की पाळी झालीच ना?"

"गेट उघडलं हे गेटले माहीत," काका म्हणाले. "पानी पोचलं हे टेलले माहीत." मी लिहून घेतलं. काकूंनी तीन दिवस त्या कागदाची परीक्षा घेतली. सूप बाजूला ठेवून घेतली, हे विशेष.

एप्रिलच्या शेवटची पाळी ही निकालाची होती. ही चुकली असती तर पुढच्या सालापासून टेल बंद. काकांना त्यानंतर दोनच दिवसांनी लेक डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेणार होती. तिथेच पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी हृदय बंद पडून ते गेले. मला मात्र ते दिसले ते या पाळीच्या सकाळीच, शेवटचे.

नऊच्या सुमारास मी त्यांच्या सपरीत होते. फोन वाजला. नवख्याचा संदेश होता. मी मोठ्यानं वाचला: "टेलच्या चौदा घरांपैकी नऊ घरांना काल निरोप पोचला. पाच घरांचं मला कळलेलं नाही. मी तो पुन्हा पाठवलेला नाही. गेट सकाळी सहा वाजता उघडल्याची नोंद आहे. कृपया कोणी जाऊन विचारेल का: टेलला पाणी पोचलं का?"

काका म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचलं. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग चपला पायात घातल्या. "चाल."

माझ्या स्कूटीवर मागे बसून ते आले. नहरीच्या कडेचा रस्ता खडबडीत, ऊन एवढ्यातच तापलेलं. टेलला पोचलो तेव्हा बांधावर माणसं दिसली. नऊ घरांनी उरलेल्या पाचांना सांगितलं होतं, सगळे फावडी घेऊन पहाटेच आले होते. काकांना हे दिसत नव्हतं. ते चपला काढून सावकाश बांधावरून खाली उतरले आणि मोठ्यानं विचारलं, "पानी आलं का?"

कौसाबाई धानात वाकलेली होती. वर न बघता म्हणाली, "पायाले इचार ना."

काका घोट्यापर्यंत पाण्यात उभे होते. त्यांनी खाली बघितलं, एक पाय उचलला, पुन्हा ठेवला. आजूबाजूचे हसले, मग ते स्वतः हसले. मी फोन पुढे केला आणि विचारलं, "काय कळवू?"

"आलं म्हन. चौदाही घरी." मी लिहिलं आणि पाठवलं. ते तसेच उभे राहिले. मग तोंड पूर्ण माझ्याकडे वळवून म्हणाले, "एकतीस साल मी या नहरीवर होतो. टेलले पानी पोचलं का, असं वरून कोनी मले एकदाबी इचारलं नाई."

मला वाटलं ते जरा भाबडेपणा करताहेत. मी म्हटलं, "पण काका, विचारायचं म्हणून तुम्हीच तर लिहिलं होतं कागदात."

"लिवलं तं साहेबाच्या कागदातबी होतं, बाई," काका फोनकडे बोट करत म्हणाले. "इचारलं यानं."

मग ते वाकले, ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं, आणि एकेका घराची धानाची बांधी पायानं चाचपत, पाण्यातूनच पुढे चालत गेले.